डीस्लॅमची मांडणी एमडीएफपासून

टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड देणारा डीस्लॅम एक्स्चेंजमध्ये बसवायचा म्हटला की पहिली नजर शेल्फकडे जाते. स्लॉट किती, कार्डावर पोर्ट किती, वरच्या दिशेला गिगाबिट किती. कोटेशनही त्याच क्रमाने येते. कामाचा क्रम मात्र उलटा असतो. शेल्फ रॅकमध्ये चढवून कार्डे सरकवायला दोन माणसांना अर्धा दिवस पुरतो. त्याच शेल्फच्या तारा एमडीएफवर, म्हणजे एक्स्चेंजमधल्या सगळ्या तारा जिथे जोडल्या जातात त्या मुख्य फ्रेमवर नेऊन, क्रोनवर (तारा खाचेत दाबून बसवायच्या ब्लॉकवर) ठोकून, एकेक जोडी तपासायला कित्येक दिवस जातात. पुढे येणाऱ्या तक्रारींचे मूळही बहुतेक वेळा तिथेच सापडते. म्हणून आम्ही मोजमाप एमडीएफपासून सुरू करतो आणि शेल्फ शेवटी ठरवतो.

हिशोबासाठी एक शेल्फ धरू: लाइन कार्डांचे १४ स्लॉट, प्रत्येक कार्डावर ४८ पोर्ट, म्हणजे ६७२ पोर्ट. शिवाय दोन कंट्रोल कार्डे, एक फॅन ट्रे आणि दोन पॉवर इनपुट. ग्राहकांचा टेलिफोन आणि ब्रॉडबँड एकाच जोडीवरून चालणार आहे.

ब्रॉडबँड नसताना एका ग्राहकाला एमडीएफवर एकच जंपर, म्हणजे फ्रेमच्या दोन जागा जोडणारी तारांची जोडी, लागतो: बाहेरच्या केबलच्या बाजूकडून एक्स्चेंजच्या बाजूकडे. डीस्लॅम मध्ये आला की जंपर दोन होतात. पहिला केबलच्या बाजूकडून डीस्लॅमच्या ‘लाइन’ ब्लॉकवर, दुसरा डीस्लॅमच्या ‘पॉट्स’ (साधा टेलिफोन) ब्लॉकवरून एक्स्चेंजच्या बाजूवर. दोन्हींच्या मध्ये आवाज आणि ब्रॉडबँड वेगळे करणारा स्प्लिटर बसलेला असतो. त्यामुळे ६७२ पोर्टसाठी एमडीएफवर ६७२ नव्हे, १३४४ जोड्यांची जागा लागते. हा दुपटीचा हिशोब सर्वेक्षणातच झाला नाही, तर शेल्फ उभा राहतो आणि निम्मे ब्लॉक बसवायला व्हर्टिकल, म्हणजे फ्रेमवरची उभी पट्टी, शिल्लक नसते.

इथे २४ आणि १० यांचे भांडण येते. कार्डाच्या केबलच्या टोकाला सहसा ५० पिनांचा कनेक्टर असतो. त्यात २५ जोड्या बसतात, वापरात २४ असतात. म्हणजे ४८ पोर्टच्या कार्डाला लाइनच्या दोन आणि पॉट्सच्या दोन केबली. १४ कार्डांना एकूण ५६. क्रोनचे मॉड्यूल मात्र बहुधा १० जोड्यांचे. २४ जोड्या एकामागून एक ठोकत गेलो तर दुसरी केबल तिसऱ्या ब्लॉकच्या मधूनच सुरू होते, आणि पाचव्या कार्डाचा सतरावा पोर्ट कुठे आहे हे शोधायला कागद-पेन्सिल घ्यावी लागते. आम्ही प्रत्येक कार्डाला लाइनचे पाच आणि पॉट्सचे पाच ब्लॉक देतो. पाच ब्लॉकांवर ५० जागा, त्यांत ४८ भरतात, शेवटच्या दोन रिकाम्या राहतात. ७० ब्लॉक लाइनचे, ७० पॉट्सचे, एकूण १४०. प्रत्येक पाचाच्या गटामागे दोन जागा वाया जातात, पण कोणत्याही कार्डाचा पहिला पोर्ट नेहमी नव्या ब्लॉकच्या पहिल्या जागेवर मिळतो. रात्री दोन वाजता बिघाड शोधणाऱ्याला याची किंमत कळते. ८ जोड्यांचे मॉड्यूल मिळत असेल तर आणखी उत्तम, कारण २४ ला ८ ने पूर्ण भाग जातो.

क्रमांकांचा सापळा याच जागी आहे. काही उत्पादकांच्या कार्डावर पोर्ट ० पासून ४७ पर्यंत मोजतात, काहींच्या १ पासून ४८ पर्यंत. क्रोनच्या ब्लॉकवर पहिली जागा १ आणि दहावी ० अशी छापलेली असू शकते, किंवा ० ते ९ अशीही. दोन्ही बाजूंची सुरुवात कुठून होते हे आधी ठरवून भिंतीवर लिहून ठेवले नाही, तर अख्खे कार्ड एका जागेने सरकते. मग एका ग्राहकाचे पैसे भरायचे राहिले म्हणून बंद केलेला पोर्ट शेजाऱ्याचा निघतो.

केबलमधल्या जोड्यांचा रंगक्रम नेहमीचाच. मुख्य रंग पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा. प्रत्येकाबरोबर निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. जांभळा-तपकिरी ही चोविसावी जोडी. जांभळा-राखाडी ही पंचविसावी, ती कापून टाकायची नाही, गुंडाळून मागे ठेवायची. कनेक्टरमधली एखादी जोडी तुटली तर निदान त्या केबलपुरता आधार राहतो. ठोकताना चूक होते ती दिव्याच्या उजेडात: नारिंगी आणि लाल, तपकिरी आणि जांभळा सारखे दिसतात. टोकांचा पीळ ब्लॉकच्या अगदी तोंडापर्यंत ठेवायचा. आवाजासाठी चार बोटे पीळ सुटलेला चालून जायचा, डीएसएलच्या, म्हणजे तारेवरच्या ब्रॉडबँडच्या, वारंवारितांना तो चालत नाही. एका खाचेत एकच तार. दोन तारा एकाच खाचेत दाबल्या की पाते रुंदावते आणि पुढची तार ढिली बसते. ठोकायला त्या ब्लॉकचेच पंचिंग टूल हवे. पेचकसाने दाबलेली तार त्या दिवशी चालते आणि पुढे कधीतरी खुरखुर सुरू करते.

स्प्लिटर कुठे ठेवायचा, हा या मांडणीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय. तीन पर्याय असतात. लाइन कार्डावरच बसवलेला, शेल्फमध्ये वेगळ्या स्प्लिटर कार्डावर, किंवा बाहेर, एमडीएफवरच्या ब्लॉकमध्ये. पहिला सुटसुटीत दिसतो, केबली कमी होतात. पण लाइन कार्ड बिघडून बाहेर काढले की ४८ ग्राहकांचे टेलिफोनही त्याच क्षणी बंद पडतात. ब्रॉडबँड काही वेळ बंद राहिले तर लोक रागावतात; आणीबाणीच्या वेळी टेलिफोन लागला नाही तर गोष्ट वेगळी. स्प्लिटर वेगळ्या कार्डावर असेल तर लाइन कार्ड चालू असताना ओढता येते. बोलणाऱ्या माणसाला पत्ताही लागत नाही, कारण आवाजाच्या वाटेवर फक्त कॉइल आणि कपॅसिटर असतात, वीज लागत नाही. पैशाचा ताण असला तरी आम्ही वेगळ्या स्प्लिटरचाच आग्रह धरतो.

स्प्लिटर मागवताना दोन गोष्टी विचारून घ्यायच्या. एक, तो साध्या टेलिफोनसाठी आहे की आयएसडीएनसाठी, म्हणजे डिजिटल टेलिफोन लाइनीसाठी. आयएसडीएन साध्या आवाजापेक्षा खूप वरपर्यंत, कोडनुसार ८० किंवा १२० किलोहर्ट्झपर्यंत जागा घेते. साध्या टेलिफोनचा स्प्लिटर लावला तर ती लाइन उठतच नाही. अशा ठिकाणी कार्डही अनेक्स बीचे लागते, ज्यात ग्राहकाकडून येणारी दिशा १३८ किलोहर्ट्झच्या वर सुरू होते. दुसरी गोष्ट म्हणजे इम्पिडन्स, अर्थात बदलत्या प्रवाहाला होणारा रोध. काही देशांत एक्स्चेंज ६०० ओहम धरते, काही ठिकाणी कॉम्प्लेक्स इम्पिडन्स. चुकीचा स्प्लिटर आला तर ब्रॉडबँड व्यवस्थित चालते आणि टेलिफोनवर स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो. तक्रार येते एक्स्चेंजकडे, दोष असतो स्प्लिटरचा, आणि हे कोणाच्या लक्षात येईपर्यंत बरेच दिवस जातात.

कार्डांची निवड बाहेरच्या केबलवरून ठरते, म्हणून इथे एमडीएफच्या पलीकडे पाहावे लागते. एडीएसएल २+, म्हणजे जी.९९२.५, २.२०८ मेगाहर्ट्झपर्यंतचे ५१२ टोन (वारंवारितेचे छोटे पट्टे) वापरतो, प्रत्येक टोन ४.३१२५ किलोहर्ट्झ अंतरावर. व्हीडीएसएल २ या जास्त वेगाच्या प्रकारातला १७ए प्रोफाइल सुमारे १७.६ मेगाहर्ट्झपर्यंत जातो. वरच्या वारंवारिता तांब्यात लवकर विरतात, त्यामुळे एक किलोमीटरच्या आतल्या ग्राहकांना व्हीडीएसएलचा मोठा फायदा होतो आणि दीड किलोमीटरच्या पुढे तो जवळजवळ संपतो. मग महाग कार्ड स्वस्त कार्डाइतकेच काम करते. एक्स्चेंजपासून ग्राहक किती दूर आहेत याची यादी केल्याशिवाय व्हीडीएसएलची कार्डे मागवू नयेत. यादी नसेल तर लूपचा रोध मोजून अंदाज येतो. ०.४ मिलिमीटरच्या तारेचा लूप रोध किलोमीटरला सुमारे २८० ओहम, ०.५ चा सुमारे १७५. टोकाला जोडी शॉर्ट करून ८४० ओहम आले आणि तार ०.४ ची असेल, तर ग्राहक तीन किलोमीटरवर आहे. अशा लाइनवर ३०० किलोहर्ट्झला सुमारे ४१ डीबी (डेसिबल) घट होते आणि एडीएसएल २+ साधारण ८ मेगाबिटच्या आसपास बसतो. २४ मेगाबिट हा छापील आकडा एक्स्चेंजच्या सावलीतल्या लोकांसाठी आहे, हे ग्राहकाला सुरुवातीलाच सांगणे आम्हाला योग्य वाटते.

व्हेक्टरिंगचा विचार असेल तर कार्डे आणि जोड्या यांचे नाते आणखी घट्ट होते. व्हेक्टरिंग एका केबलमधल्या सगळ्या जोड्यांचा परस्परांत झिरपणारा आवाज मोजून आधीच वजा करते. त्यासाठी त्या सगळ्या जोड्या एकाच गणनेखाली यायला हव्यात. गणना कार्डापुरती असेल तर एकाच बाइंडरमधल्या, म्हणजे केबलमध्ये एकत्र गुंडाळलेल्या गटातल्या, जोड्या एकाच कार्डावर जायला हव्यात, म्हणजे जंपर मनाला येईल तसे टाकून चालत नाही. गणना अख्ख्या शेल्फची असेल तर त्यासाठी वेगळे कार्ड लागते आणि एक स्लॉट किंवा प्रत्येक कार्डाकडे जाणारी एक जादा केबल खर्ची पडते. त्याच केबलमध्ये दुसऱ्याच शेल्फवरच्या काही व्हीडीएसएल लाइनी असतील, तर केलेल्या गणनेचा बराचसा फायदा हातचा जातो.

दोन्ही दिशांना समान वेग देणाऱ्या भाड्याच्या लाइनीसाठी एसएचडीएसएलचे कार्ड मागितले जाते. ते शून्याजवळच्या वारंवारितांपासूनच सुरू होते, त्यामुळे त्या जोडीवर टेलिफोन राहत नाही, स्प्लिटर लागत नाही आणि एमडीएफवर पॉट्सचे पाच ब्लॉक वाचतात. त्याच बाइंडरमधल्या एडीएसएलला मात्र त्याचा त्रास होतो. शक्य असेल तिथे त्याला वेगळा बाइंडर द्यावा.

एवढे ठरल्यावर मग वीज. आकडा उत्पादकाच्या माहितीपत्रकातला पूर्ण भाराचा घ्यायचा, ‘नेहमीचा’ म्हणून छापलेला नाही. इथे पोर्टला दीड वॅट धरू. ६७२ पोर्टचे १००८ वॅट, दोन कंट्रोल कार्डे आणि फॅन मिळून २००, म्हणजे १२०० वॅटच्या आसपास. उणे ४८ व्होल्टवर हे २५ अँपिअर. पण ब्रेकर २५ वर ठरवला तर फसगत होते, कारण शेल्फ ठरावीक वॅट खेचतो, ठरावीक अँपिअर नाही. व्होल्टेज उतरले की करंट चढतो. मेन्स गेली, बॅटरी उतरत ४३.२ व्होल्टवर आली की करंट जवळपास २८ अँपिअर होतो. उपकरणाच्या खालच्या मर्यादेवर, म्हणजे ४०.५ व्होल्टवर, तो ३० च्या घरात जातो. ३० चा ब्रेकर नेमका अशा वेळी पडतो जेव्हा बॅटरीच एकमेव आधार असते. आम्ही ४० अँपिअरचा डीसी रेटिंगचा ब्रेकर घेतो. एसीचा ब्रेकर डीसीवर वापरू नये. एसीमध्ये ठिणगी दर अर्ध्या आवर्तनाला शून्यावर येऊन विझते, डीसीमध्ये तिला असा शून्य मिळत नाही.

वायरची जाडी ब्रेकरवरून नव्हे, व्होल्टेज किती गळते त्यावरून ठरवावी. पॉवर डीबीपासून, म्हणजे वीज वाटपाच्या पेटीपासून, रॅक २० मीटर असेल तर जाऊन-येऊन ४० मीटर तांबे. १० चौरस मिलिमीटरच्या वायरचा रोध ०.०७ ओहम, ३० अँपिअरवर २.१ व्होल्ट वाटेतच जातात. १६ ची घेतली तर १.३ व्होल्ट, २५ ची घेतली तर सुमारे ०.८५. बॅटरीच्या शेवटच्या तासात हा एखादा व्होल्ट म्हणजे बरीच मिनिटे असतात. आम्ही एका व्होल्टच्या आत राहतो, म्हणजे इथे २५ चौरस मिलिमीटर. लग (वायरच्या टोकाला बसणारा जोड) त्याच मापाचा आणि क्रिंपही त्याच मापाच्या डायने. ढिला लग तापतो, आणि तापलेला लग आणखी ढिला होतो.

ए आणि बी असे दोन फीड असतात. प्रत्येक फीड एकटा पूर्ण भार पेलणारा हवा. दोन्ही एकाच डीबीच्या एकाच बसबारवरून घेतलेले खूप ठिकाणी दिसतात. कागदावर दोन फीड असतात, प्रत्यक्षात एकच. तपासायचा मार्ग सोपा आहे: कमिशनिंगच्या दिवशीच, ग्राहक जोडण्याआधी, ए बंद करून शेल्फ चालू राहतो का पाहायचे, मग ए चालू करून बी बंद करायचा. नंतर हे करायला कोणाची हिंमत होत नाही. उणे ४८ व्होल्टच्या पद्धतीत धन टोक अर्थला असते. जमिनीतल्या तांब्याच्या केबली गंजून झिजू नयेत म्हणून ही प्रथा पडली. नव्या माणसाचा हात सवयीने उलटा जातो. वायरीचे रंग देशागणिक आणि कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे रंगावर नव्हे, मीटरवर विश्वास ठेवायचा. शेल्फकडची टोके जोडण्याआधी ब्रेकर चालू करून दोन्ही फीडचे व्होल्टेज आणि ध्रुव पाहायचे, ब्रेकर बंद करायचा, मगच लग आवळायचे.

जुन्या पॉवर प्लांटवर हे २५ अँपिअर चढतात, हेही विसरायचे नाही. सहा तासांचा बॅकअप हवा तर कागदावर १५० अँपिअर-तास होतात. बॅटरी तळापर्यंत रिकामी करायची नसते आणि तिचे वय वाढतच असते. ८० टक्केच वापरायची असे धरले तर १९० च्या जवळ जाते, म्हणजे २०० ची सोय हवी. मेन्स परत आल्यावर रेक्टिफायरला, म्हणजे एसीची डीसी करणाऱ्या यंत्राला, शेल्फचा भार आणि बॅटरीचे चार्जिंग एकाच वेळी पुरवायचे असते. एवढी जागा रेक्टिफायरमध्ये नसेल तर आधी मॉड्यूल वाढवावे.

शेल्फमध्ये गेलेले १२०० वॅट जवळपास सगळे उष्णता होऊन खोलीत येतात. एक टनाचे एसी साडेतीन किलोवॅट काढते, म्हणजे एका शेल्फला टनाचा तिसरा हिस्सा. हवा बहुधा खालून वर जाते. एकावर एक दोन शेल्फ बसवले तर खालच्याची तापलेली हवा वरचा शेल्फ ओढतो, म्हणून मध्ये हवा वळवणारी तिरकी पट्टी लागते. रिकाम्या स्लॉटवर झाकणपट्ट्या लावल्याच पाहिजेत. उघडा स्लॉट ही हवेला सोपी वाट असते, ती तिथून निसटते आणि भरलेल्या कार्डांमधून जात नाही. कडेचे एकच कार्ड पुन्हा पुन्हा रीसेट होत असेल तर आधी शेजारचा स्लॉट पाहावा, मग फॅनचा फिल्टर. आणि ५६ केबलींचा गठ्ठा हवेच्या जाळीसमोरून नेलेला नाही ना, हेही.

अर्थिंगमध्ये एकच नियम कटाक्षाने पाळतो: एमडीएफचा अर्थ आणि डीस्लॅमचा अर्थ एकाच मुख्य पट्टीवर. दोन वेगळे अर्थ असतील तर वीज पडल्यावर त्या दोन्हींमध्ये हजारो व्होल्टचा फरक उभा राहू शकतो, आणि तो फरक मिटवायला प्रवाह लाइन कार्डातून वाट काढतो. एमडीएफवर केबलच्या बाजूला विजेचा झटका अर्थला सोडणारे गॅसचे अरेस्टर बसलेले असावेत. जुने कार्बनचे असतील तर त्या व्हर्टिकलवरच्या लाइनी डीएसएलवर घेण्याआधी ते बदलून घ्यावेत, ते झिरपायला लागतात.

वरच्या दिशेची जोडणी त्यामानाने सोपी. ६७२ ग्राहक प्रत्येकी १० मेगाबिटवर सिंक झाले, म्हणजे मोडेम आणि पोर्ट यांची जुळणी झाली, तर बेरीज ६.७२ गिगाबिट. एका गिगाबिटच्या अपलिंकवर सगळे एकाच क्षणी उतरवायला लागले तर प्रत्येकाच्या वाट्याला दीड मेगाबिट. सगळे एकाच वेळी उतरवत नाहीत हे खरे, पण संध्याकाळी बरेच जण व्हिडिओ पाहतात, म्हणून दोन गिगाबिटची जोडी एकत्र बांधून, दोन्ही दुवे वेगवेगळ्या कंट्रोल कार्डांवर देणे बरे. एसएफपी, म्हणजे फायबरचे मॉड्यूल, निवडताना अंतर पाहावे. त्याच इमारतीतल्या स्विचसाठी ८० किलोमीटरचे मॉड्यूल लावले तर पलीकडचा रिसीव्हर प्रकाशाने दिपून जातो, अटेन्युएटर लावल्याशिवाय लिंक धड चालत नाही. एका टोकाला ऑटोनिगोशिएशन (वेग आपसांत आपोआप ठरवणे) चालू आणि दुसऱ्या टोकाला बंद, ही चूक अजूनही सारखी भेटते.

शेल्फ उठल्यावर आम्ही क्रम असा ठेवतो. आधी कंट्रोल कार्डावरचे सॉफ्टवेअर आणि लाइन कार्डांचे फर्मवेअर एकमेकांना जुळते का पाहायचे. मग स्लॉटमध्ये जे कार्ड नोंदवले आहे तेच बसले आहे का. त्यानंतर एक टेस्ट मोडेम घेऊन एमडीएफवर प्रत्येक लाइन ब्लॉकच्या प्रत्येक जागेवर सिंक घ्यायचा. ६७२ वेळा, प्रत्येकी साधारण अर्धा ते एक मिनिट. कंटाळवाणे काम आहे आणि इथे हात आखडू नये. प्रत्येक ब्लॉकची पहिली आणि शेवटची जागा तपासून पुढे जाण्याचा मोह होतो, पण मधल्या दोन जोड्यांची अदलाबदल त्यात दिसत नाही. टेस्ट मोडेमबरोबर शेल्फवरचा कोणता पोर्ट जिवंत झाला, हे मॉनिटरवर कोणीतरी वाचून दाखवायला हवे. ‘सिंक आला’ एवढे पुरेसे नाही, तो ठरल्या पोर्टवर आला का हे हवे.

प्रोफाइलमध्ये सुरुवातीला नॉइज मार्जिन, म्हणजे गोंगाटासाठी राखलेली जागा, ६ डीबी ठेवतो. लांब किंवा जुन्या केबलवर ९. इंटरलीव्ह डिले (डेटा विखरून पाठवण्याचा विलंब) वाढवला की अचानक येणारे झटके पचतात पण पिंग वाढतो. खेळणाऱ्यांची तक्रार त्यातून येते. एडीएसएलमध्ये तांब्यावर अजूनही एटीएम या पद्धतीच्या ५३ बाइटच्या पेशी (डेटाचे ठरावीक तुकडे) धावतात, त्यांतले ५ बाइट शीर्षकाचे. त्यामुळे सिंक ८ मेगाबिट असेल तर ग्राहकाच्या स्पीड टेस्टवर ७ च्या आसपास दिसणे हा बिघाड नव्हे. दिवा स्थिर आहे पण जोडणी होत नाही, असे असेल तर व्हीपीआय आणि व्हीसीआय हे वाटेचे क्रमांक पाहावेत. मोडेममध्ये ०/३५ आणि शेल्फवर ८/३५, असे सहज होते.

आता जुन्या ग्राहकाला नव्या वाटेवर आणणे. जंपर काढण्याआधी टेस्ट फोन मॉनिटरवर ठेवून कोणी बोलत नाही ना ऐकायचे. दोन्ही नवे जंपर आधी टाकून, ठोकायचे तेवढे बाकी ठेवायचे. मग जुना काढून नवे दोन्ही ठोकले की टेलिफोन मिनिटभरही बंद राहत नाही. लगेच केबलच्या बाजूवर डायल टोन ऐकून नंबर तपासायचा.

यात जे बिघडते त्याची लक्षणे ठरलेली आहेत. डायल टोन स्वच्छ आहे पण सिंक नाही: लाइन आणि पॉट्सचे जंपर उलटे ठोकले गेले. स्प्लिटरमधला फिल्टर आवाज दोन्ही दिशांनी जाऊ देतो, म्हणून टेलिफोन चालतो, आणि डीएसएलला मात्र वाट मिळत नाही. याच्या उलट, टेलिफोन मुका आहे पण सिंक येतो, कमी वेगाचा आणि सारखा तुटणारा: जोडीची एक तार सुटली. आवाजाला बंद मंडल लागते. डीएसएलच्या वारंवारिता मात्र तुटलेल्या जागेवरूनही कपॅसिटीने थोड्या उडी मारतात. नवखा माणूस सिंक पाहून लाइन ठीक असल्याचे लिहून टाकतो. दोन्ही आहे पण मार्जिन वरखाली होत राहते: बाहेर कुठेतरी जोडी फुटलेली, म्हणजे एक तार एका जोडीची आणि दुसरी शेजारच्या जोडीची. सिंक अजिबात येत नाही, लाइन लांब आहे आणि आवाज मात्र उत्तम: लोड कॉइल शोधावी. जुन्या लांब लाइनींवर सुमारे १८३० मीटर अंतराने ८८ मिलिहेन्रीच्या कॉइली आवाज सुधारण्यासाठी बसवल्या जात. त्या आवाजाच्या पट्ट्याच्या वरचे सगळे अडवतात.

टॅप वेगळा ओळखू येतो. केबलला जोडलेला पण पुढे कुठेच न जाणारा तुकडा लहरीला परतवतो आणि ठरावीक वारंवारितेला खड्डा पाडतो. १०० मीटरच्या तुकड्याने तो साधारण ५०० किलोहर्ट्झला पडतो, ५० मीटरच्या तुकड्याने १ मेगाहर्ट्झला. शेल्फवरून टोननिहाय आलेख काढला की खड्डा कुठे आहे ते दिसते, आणि त्यावरून लाइनमनला किती लांबीचा तुकडा शोधायचा ते सांगता येते. नुसते ‘लाइन खराब आहे’ सांगून पाठवण्यापेक्षा यात त्याचा अर्धा दिवस वाचतो.

टेलिफोन नसलेल्या, फक्त ब्रॉडबँडच्या जोड्यांचा एक खास त्रास आहे. टेलिफोनचा डीसी करंट जुन्या सांध्यांवरचा ऑक्साइडचा थर भेदत राहतो. तो करंटच नसेल तर सांधे हळूहळू रोधक होत जातात आणि सिंक कारण नसल्यासारखा पडतो. अशा लाइनवर पोर्ट किंवा कार्ड बदलण्याआधी सांधे पाहावेत.

आणि मेगर. इन्सुलेशन मोजण्यासाठी २५० किंवा ५०० व्होल्ट लाइनवर सोडण्याआधी लाइन जंपर डीस्लॅमच्या ब्लॉकवरून तोडलाच पाहिजे. क्रोनमध्ये डिस्कनेक्ट प्लग घालून हे दोन सेकंदांत होते. तसाच मेगर मारला तर पोर्टचे संरक्षण मध्येच वाहू लागते, रीडिंग खोटे येते, आणि कधी पोर्टच जातो. प्लगची पिशवी मेगरच्याच पेटीत ठेवावी.

एमडीएफच्या वहीत प्रत्येक ग्राहकासमोर पाच गोष्टी लिहिलेल्या हव्यात: केबलची जोडी, लाइन ब्लॉकची जागा, स्लॉट आणि पोर्ट, पॉट्स ब्लॉकची जागा, एक्स्चेंजची जागा. संगणकात नोंद असली तरी वही तिथेच, फ्रेमशेजारी राहू द्यावी आणि जंपर हलवणाऱ्यानेच, हलवल्या क्षणी, ती भरावी. काढलेला जुना जंपर पूर्ण ओढून बाहेर काढायचा. एक टोक तोडून उरलेला तसाच कड्यांमध्ये सोडला तर वर्षभरात फ्रेममध्ये मेलेल्या तारांचा एवढा गुंता साचतो की जिवंत जंपर ओढून पाहायचीही सोय राहत नाही.